गोधडीचा उघडा कोपरा

शुक्रवार संध्याकाळ, अल मलाझ

पाठ मोडून गेलीय. सकाळपासून मैत्रिणी आमच्या हॉलमध्ये आपापल्या घरचे आकाशकंदील चिकटवत होत्या आणि मी गोधडी शिवत होते. आईला जाऊन अजून वर्ष व्हायचंय, म्हणून आमच्याकडे यंदा दिवाळी नाही. तरी सगळ्या इथेच जमल्या. का, तर मी एकटी बसू नये म्हणून. मला एकटीलाच बसायचं होतं, हे कोणत्या तोंडाने सांगणार?

गोधडी आईच्या साड्यांची. सगळी शिवून झाली, फक्त एक कोपरा उघडा. गोधडी उपाशी राहू नये म्हणून त्यात भाकरीचा तुकडा घालायचा आणि मगच शेवटचे टाके घालायचे, ही आईची रीत. वैशाली सारखी विचारत होती, "अगं, एवढ्यासाठी काय अडलंय?" ज्वारीचं पीठ संपलंय म्हटलं. डबा भरलेला आहे.

सगळ्या गेल्या, तशी माझी सई खुबूसचा तुकडा घेऊन आली. "मम्मा, हा घाल ना."

"इथली अरबी रोटी कशी चालेल गं?"

"आजी तर रोज चहात बुडवून खायची!"

खरंच की. आई इथे व्हिजिट व्हिसावर आली होती तेव्हा मला भाकरी थापूच देईना. खुबूसच आण म्हणायची.

तुकडा आत सारला. सुईत दोरा ओवला आणि नुसतीच बसून राहिले. हा कोपरा शिवला की आईचं म्हणून करायचं काय उरतं?

"हात दुखतोय का? मी घालू टाके?" सईने विचारलं.

सुई तिच्याकडे दिली आणि खिडकीतला कंदील बघून येते म्हणून आत गेले.

यंदा आमच्या खिडकीत कंदीलच नाही.