पुनमला भेटायला आलेलं गाव

कुरुंदा, मंगळवार

ती. बालाजीदादांस,

धाकट्या शालूचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनीची शुगर? म्हैस व्याली का? आमी इकडं सगळे बरे आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. (फोन केला असता, पण आमच्या घरात फोन स्पीकरवर टाकूनच बोलायचा कायदा आहे. सासूबाईंना कमी ऐकू येतं ते फक्त मी काम सांगितल्यावर.) आमच्या शेजारची कमलबाई आज लेकीकडं तुमच्या हट्ट्याला निघालीय, तिच्या पिशवीत पापडाखाली हे पत्र घालते. पापड वहिनीला.

तर आमच्या पुनमचं. दिवाळीला क्लासच्या होस्टेलवरून आली ती परत गेलीच न्हाई, हे तुमाला ठाऊकच आहे. जेवायचं न्हाई, डोकं विंचरायचं न्हाई, भिंतीकडं तोंड करून पडायचं. काहून म्हणून विचारलं तर "काही न्हाई." दादा, ह्या पोरीचा आधी आवाज घरात यायचा, मग पोरगी. मला लई भेव वाटायला लागलं.

आमच्या ह्यांनी मोबाईलवर बघितलं की लेकरांशी दोस्तासारखं वागावं. झालं! खाटेवर बसून "काय दोस्ता, कसं काय?" म्हणत पाठीत असा धपाटा हाणला की लेकराला ठसका लागला. (पारावरचे ह्यांचे दोस्त एकमेकांना असंच हाणतात, ह्यांना दुसरी दोस्ती माहीत न्हाई.) पुढच्याच आठवड्यात त्याच मोबाईलमधल्या दुसऱ्या शहाण्यानं सांगितलं, शिस्त पाहिजे. मग दोस्तानं तिचा फोन कपाटात कोंडला. सासूबाईंनी मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या. सगळं घर खोकत अंगणात आलं, एक पुनम सोडून. ती धुरात तशीच पडून होती. तेव्हा मात्र मी रडले.

मग गावातल्या डॉक्टरानं अशक्तपणा म्हणून सलाईन लावली, घरीच, कॅलेंडरच्या खिळ्याला बाटली टांगून. इथंच आमचं चुकलं. सलाईन लागली म्हणजे दुखणं खरं, आन् दुखणं खरं म्हणजे गाव भेटायला येणारच. बिस्किटाच्या पुड्यांनी फडताळ भरलं. बाया खाटेभोवती बसून तिच्यादेखत बोलून राहिल्या: वाळली गं पोर, नापास झाली का, लग्न लावा म्हणजे नीट होती. मी चहा करू करू मेले, आन् पोरगी डोळे मिटून सगळं ऐकत होती. एकीनं तर भावकीतल्या कोणी जिवाचं बरंवाईट करून घेतलं ती कथा उशाशी बसून सुरू केली. मी तिच्या हातातली कपबशी काढून घेतली आन् तिला दार दाखवलं. आता ती मला बोलत न्हाई. बरं झालं!

पुढं नांदेडच्या मोठ्या डॉक्टराकडं नेलं. पेशंटला एकटं न्यायची आपल्यात पद्धत न्हाई, म्हणून जीप भरून गेलो. (सासूबाईंनी दशम्या बांधून घेतल्या होत्या, जसं काही जत्राच.) त्या साहेबांनी पुनमकडं बघितलं सुद्धा न्हाई. आईबाप राबतात, तुला काही वाटतं का, असं तिलाच झापलं. आमचे हे मान डोलवून राहिले, "बराबर बोलले साहेब." त्या बराबर बोलण्याची फी भरली, वर गोळ्या लिहून मिळाल्या. घरी आल्यावर पोरीनं माझ्याशी बोलायचं सुद्धा सोडलं.

शेवटी गावातल्या आशा वर्करनं, नितानं, वसमतच्या सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशन करणाऱ्या बाईचं नाव सांगितलं. त्यांनी पहिल्यांदा आमची सगळी वरात बाहेर काढली. हे दाराला कान लावून उभे, तर शिपायानं धरून बाकड्यावर बसवलं. बाई पुनमशी लई वेळ बोलल्या. मला म्हणल्या, रोज जवळ बसा, समजावू नका. अर्धी भाकर खाल्ली तर उरलेली काहून ठेवली म्हणू नका. तिथल्या डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या, मनानं बंद करायच्या न्हाईत म्हणले. आता मी तिच्याजवळ लसूण सोलत बसते. मला गप्प बसायचं म्हणजे किती तकलीफ, तुमी जाणताच. काल तिनं माझ्या ताटलीतल्या दोन पाकळ्या सोलल्या. तर असं चांगलं चाललंय, काळजी नसावी.

तुमची
शालू

ता.क. पापड उडदाचे आहेत, तळून खा. गुडघ्याला तेल लावत जा.

ता.क. काळजी नसावी लिहिलं ते खोटं. त्या बाईनं पुनमला सरळ विचारलं होतं, मरावं वाटतं का? पोरगी व्हय म्हणली. मग तिला विचारूनच बाईनं मला आत बोलावलं न् सांगितलं की तिला एकटी सोडू नका, घरात फवारणीचं औषध ठेवू नका. ह्यांना सांगितलं तर "आपली पोरगी तसली न्हाई" म्हणून उठून पारावर गेले. म्हणून दादा, उद्या टेम्पो घेऊन या. हरभऱ्याला फवारा मारायचाय, उसनं द्या म्हणा. मेव्हण्याला न्हाई म्हणायची ह्यांची छाती न्हाई. सगळं घेऊन जा, कुलपात ठेवा, आन् मागितलं तरी परत देऊ नका.

ता.क. पुनमनं बाजूला बसून हे वाचलं. मी काही लपवलं न्हाई. कागद माझ्याकडं सरकवला न् म्हणली, "आई, एक बाटली माझ्या कपड्याच्या पेटीत पण आहे. ती पण ने म्हण मामाला." ती मी काढून कुलपात ठेवलीय, किल्ली माझ्या कमरेला आहे. कमलबाई दारात उभी आहे. वाचलं की फोनवर फक्त "येऊन राहिलो" म्हणा. उद्या नको दादा, आजच या.