दोन उंच मुलींच्या बदल्यात

बाई, तुम्ही मला दोन उंच बहिणींच्या बदल्यात मिरजेच्या क्लबला देऊन टाकलंत, त्याला तीस वर्षं होऊन गेली. गेल्या शनिवारी मी माझ्या मुलीला दोन उंच मुलींच्या बदल्यात देऊन टाकलं, तेव्हा म्हटलं तुम्हाला कळवावं. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, ही एक अडचण आहे. पण तुम्ही होतात तेव्हाही मी तुम्हाला एक ओळ लिहिली नव्हती, त्यामुळे फार फरक पडू नये.

आधी हे सांगते की तुमच्यासारखी मीही बास्केटबॉलची कोच झाले. हसू नका. म्हणजे इथे परदेशात आठवडाभर बंदराजवळ, हार्बरफ्रंटला एका शिपिंग कंपनीत बसून कुठला कंटेनर कुठल्या जहाजावर चढवायचा याचे कागद हलवते आणि शनिवारी कोच असते. आम्ही पासिर रिसला राहतो. आमच्या इमारतींच्या मधोमध बास्केटबॉलचं कोर्ट आहे, वर छप्पर, चारही बाजूंनी दिवे. सांगलीच्या आपल्या मुरमाच्या मैदानावर आयुष्य काढलेल्या तुम्ही ते पाहिलं असतंत तर चपला बाहेर काढून आत गेला असतात. तिथे मी मुलींची टीम चालवते. पूर्वेकडच्या सहा वसाहतींची हौशी लीग आहे, सगळी आईबापांनी चालवलेली, त्यामुळे खेळ कमी आणि नियम भरपूर. त्यातला एक फार कडक. चांगल्या मुली उठून जोरदार टीमकडे जाऊ नयेत म्हणून कुणालाही टीम सोडता येत नाही. फक्त हंगामाच्या मधल्या सुट्टीत, दोन्ही कोचच्या सह्यांनी, खेळाडूंची अदलाबदल करता येते. आमची पॉइंट गार्ड, म्हणजे सगळ्यांना चेंडू पुरवणारी, आमचा हुकमाचा एक्का, माझी मुलगी आहे. पंधरा वर्षांची. चेंडू तिच्या हाताला इतका सरावलाय की मी आणि चेंडूने एकदम हाक मारली तर ती त्याच्याकडे जाईल.

लीगमधल्याच ईस्ट कोस्टच्या टीमला ती हवी होती. त्यांच्याकडे पगारी कोच आहे, तरुण, चिनी, नम्र आणि अजिबात लाज न बाळगणारा. मॅच संपल्यावर तो माझ्यापाशी आला आणि इथल्या सवयीने वाक्याला लाह जोडत म्हणाला, "युअर गर्ल हिअर वेस्टेड लाह. नो ऑफेन्स, आंटी." मी म्हटलं, ऑफेन्स झालाय, पण तू बोल. तो तिच्या बदल्यात एक मुलगी द्यायला तयार होता. मी दोन मागितल्या, आणि उंच मागितल्या. तो लगेच हो म्हणाला तेव्हा मला कळलं की मी घासाघीस करण्यात कच्ची आहे.

मग पालकांची मीटिंग झाली, हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या ठेल्यांच्या मंडईत, कारण फुकटात बसायला दुसरी जागा नाही. आमच्यात पुण्याचे एक आयटी मॅनेजर आहेत. त्यांची मुलगी कायम बेंचवर असते आणि ते स्वतः कायम कोर्टवर. त्यांनी एक्सेल करून आणलं होतं. रिबाउंड, स्कोअरिंग, डिफेन्स, आणि सगळ्यांत शेवटी 'भावनिक परिणाम', त्याला दहा टक्के. "मॅडम, स्टार प्लेअर कुणी ट्रेड करतं का?" ते म्हणाले. "तिच्याभोवती टीम बांधायची असते." त्यावर एक आई म्हणाली, "अहो, पण आपल्याकडे उंची आहे कुठे? आपल्या मुली आपल्यावर गेल्यात." सगळे हसले. आणि हसणं संपायच्या आत तीच माझ्याकडे वळून म्हणाली, "राग मानू नका, पण तुमची मुलगी आहे म्हणून विचारते. तुम्हाला तिला तिकडे घुसवायचंय ना?"

हे तिने मला विचारलं. मला, बाई. वर्गात ज्या मुलीचं तोंड बंद करायला तुम्हाला शिट्टी वाजवावी लागायची, तिला. मी पलीकडच्या टेबलाकडे बघत बसले. तिथे मुली जेवत होत्या. माझी मुलगी तिच्या बाजूच्या मुलीशी काहीतरी वाद घालत होती, आणि घालता घालता तिने एकीच्या पुढ्यात चमचा सरकवला, दुसरीकडे तिखटाची वाटी, तिसरीच्या ग्लासात उसाचा रस. एकीनेही मागितलं नव्हतं. आणि तिने एकदाही खाली पाहिलं नाही.

हे तुमचं आहे. मी तिला शिकवलेलं नाही, पण माझ्यातूनच गेलं असणार. तुमचं दोन खोल्यांचं घर, मॅचच्या दिवशी सकाळी जमिनीवर मांडी घालून बसलेल्या आम्ही आठ जणी, पातेल्यात मुगाची खिचडी, आणि हातात डाव घेऊन उभी मी. इतर मुलींना तुम्ही पळायला लावायचात, मला वाढायला. "पॉइंट गार्ड म्हणजे पंगतीतला वाढपी," तुम्ही स्टुलावर बसून सांगताय. "ताटाकडे बघू नकोस, पंगतीकडे बघ. मागायच्या आत वाढ. तिने मागितलं म्हणजे तू झोपली होतीस." मी सगळ्यांत शेवटी जेवायची. खरवड माझ्या वाट्याला यायची आणि तीच मला आवडते हे तुम्हाला माहीत होतं, असं मला आता वाटतं.

त्याच घरात स्वयंपाकाच्या ओट्यावर एका संध्याकाळी तुम्ही क्लब बदलाचा फॉर्म ठेवलात. "इथे सही कर. वडिलांची मी घेतली आहे." मी म्हटलं, का? तुम्ही गॅस बारीक केलात आणि म्हणालात, "तू पास हळू टाकायला लागली आहेस." एवढंच. आणि तोच डाव धुऊन, पुसून माझ्या हातात दिलात, "तिकडेही कुणीतरी वाढायला लागेल." मी पंधरा वर्षांची होते, बाई. मला एवढंच कळलं की माझा खेळ बिघडला म्हणून मला हाकललं, आणि निरोपाला लोक पेन देतात, मला डाव मिळाला. माझ्या बदल्यात आलेल्या त्या दोघी बहिणींकडे चेंडू आला की त्या डोळे मिटायच्या. दोन खांब घेऊन मला विकलं, असं मी मिरजेत सगळ्यांना सांगत फिरायचे. ते वाक्य फार गाजलं. माझ्या तिरकस बोलण्याची सुरुवात तिथली आहे.

गेल्या महिन्यातल्या मॅचमध्ये माझ्या मुलीने एका मुलीला पास दिला आणि मी बाकावरून उठले. पास बरोबर होता, वेळेवर होता, पण मऊ होता. समोरचीला झेलता यावा म्हणून तिने हात आवरला होता. त्यानंतर मी फक्त तेवढंच बघत राहिले. प्रत्येक पास ती घेणारीच्या बेताने हळू करत होती, आणि तिला ते कळतही नव्हतं. वर्षभर असंच चाललं असतं तर तिचा हातच तसा झाला असता. मी टाइमआउट घेतला आणि मुलींना नुसतं पाणी पाजून परत पाठवलं. तुमचं ते वाक्य तक्रार नव्हतं. मला समजायला स्वतःची मुलगी लागली.

आणि त्या उंच बहिणींचंही कोडं सुटलं. तुम्ही मला नुसतंच सोडलं असतंत, तर मागे राहिलेल्या सात जणींना काय वाटलं असतं? की आपल्यातून हिला वाचवलं. म्हणून किंमत मागायची, आणि ती सगळ्यांसमोर, मोठ्याने मागायची. मग मुलींना वाटतं, आपल्याला काहीतरी मिळालं, आणि शिव्या खायला बाई आहेतच. मी त्या मीटिंगमध्ये शेवटी तेच केलं. म्हटलं, "घुसवायचं कसलं, मला दोन उंच मुली हव्यात. रिबाउंडला आपण मार खातो." एक्सेलवाल्यांनी उंचीचा रकाना वाढवला. सही झाली. माझी मुलगी चार दिवस माझ्याशी एकेका शब्दातच बोलली. विचारलं जेवणार का, तर "कॅन," म्हणजे इथलं हो. पाचव्या दिवशी एमआरटीत, इथल्या मेट्रोत, उभ्या उभ्या म्हणाली, "दोन टॉल गर्ल्स ओन्ली, आई? मी एवढीच?" माझ्याकडे तिला सांगण्यासारखं सगळं होतं, आणि मी म्हटलं, दांडी धर, गाडी हलते आहे.

आता खरी गोष्ट. मिरजेच्या सिमेंटच्या कोर्टवर आपली फायनल झाली, तुमची टीम आणि मी. मिरज एका पॉइंटने मागे, सेकंद संपत आलेले, आणि मला दोन फ्री थ्रो. दोन्ही गेले नाहीत. तुमच्या मुलींनी तुम्हाला उचललं. तुम्ही खाली उतरून थेट माझ्याकडे आलात, आणि तुमच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं काही नव्हतं. "मी तुला इकडे पाठवलं ते मला जिंकवायला नाही," तुम्ही म्हणालात. मी मान खाली घातली. त्यानंतर दोन वर्षं रस्त्यात भेटलात की "बरी आहेस ना" एवढंच. पुढे मी मुंबईला गेले, मग इथे. तुम्ही गेल्याचं मला ऑफिसात शाळेच्या ग्रुपवर समजलं, दोन जहाजांच्या कागदांच्या मधे. खाली एकीने लिहिलं होतं की बाई प्रत्येक बॅचला माझी गोष्ट सांगायच्या. म्हणायच्या, माझी एक मुलगी होती, तिने माझ्यासाठी दोन फ्री थ्रो सोडले, आणि तो दोष माझा, तिला पाठवताना कारण नीट सांगितलं नाही. मी दोन जोडलेले हात पाठवले आणि पुढचा कंटेनर उघडला.

आज तिची ईस्ट कोस्टला पहिली प्रॅक्टिस आहे. मी कुंपणाबाहेरच्या बाकावर बसून हे लिहितेय. समुद्राचा खारट वास येतोय, मागून सायकली जातायत. आत्ताच तिने एक पास टाकला. हात न आवरता. झेलणारीच्या तळव्यावर पट्ट आवाज आला, तो मला इथवर ऐकू आला. ती मुलगी हात झटकत हसली आणि माझी मुलगी स्वतःच्या हाताकडे बघत राहिली, हा कुणाचा, अशी. तुम्ही असतात तर स्टुलावरून उठला असतात.

पण येताना बसमध्ये ती माझ्या खांद्याला टेकून म्हणाली, "डोन्ट वरी लाह, आई. फायनलला तुमच्याशी मॅच आली तर मी पण दोन मिस करीन. लाइक यू." राग गेला होता तिचा. मला खूश करायला म्हणाली. कारण ही गोष्ट मी तिला लहानपणी वरणभाताच्या घासाबरोबर भरवली आहे, तुमच्याच डावाने वरण वाढून. आईने बाईंसाठी हातातली मॅच सोडली. तिला दुसरी कुठली गोष्ट इतकी आवडायची नाही.

तेव्हा आज घरी जाताना तिला खरं सांगावं लागणार आहे, नाहीतर ती उद्या खरोखरच हात आवरेल. हे पत्र टाकायला पेटी नाही. सराव म्हणून लिहिलं असं समजा. आधी तुम्हाला सांगून बघते, तुम्हाला सांगता आलं तर तिलाही सांगणं जमेल.

बाई, मी ते मुद्दाम चुकवले नव्हते. पहिला रिंगच्या पुढच्या कडेला लागला. दुसरा कशालाच लागला नाही. मला तुम्हाला हरवायचं होतं, आयुष्यात दुसरं काही इतकं हवं नव्हतं, आणि मला जमलं नाही.