उगादीचं तेल

शिवाजीनगर, बंगलोर
३ एप्रिल १९६३

प्रिय अक्का,

तू तुमकूरला सुखरूप पोचल्याचं येसाजीचं कार्ड मिळालं. तुझ्या लेकाचं अक्षर अजून तसंच, कोंबडीचे पाय. तू गेल्यावर दोन दिवस घर सुनं वाटलं. ह्यांनी तर तुझ्या हातच्या पुरणाच्या होळग्यांची आठवण काढून माझ्या होळग्यांना नावं ठेवायचा सपाटा लावलाय. पण ते सांगायला मी बसले नाही. दोन वर्षांपूर्वी मी तुझ्याशी खोटं बोलले होते, ते आज निस्तरायचं आहे.

माझ्या विमलीचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, असं मी तुला कळवलं होतं. तिला अपेंडिक्स कधीच झालं नव्हतं. तिच्या डाव्या छातीत गाठ होती. पोर पंधरा वर्षांची.

आपल्या आईची रीत तुला ठाऊकच आहे. उगादीच्या पहाटे घरातल्या सगळ्या बायकांनी एकमेकींच्या अंगाला तेल लावायचं, मग ती लेक असो, सून असो की पाहुणी. त्या वर्षी विमली म्हणाली, माझं मी लावून घेईन. सणासुदीच्या दिवशी मी तिला नको नको ते बोलले. हायस्कुलात गेली म्हणून शेफारली, आईचा हात आता खुपायला लागला, काय काय म्हणून बोलले. ती छातीवर हाताची घडी घालून उभी राहिली. महिनाभरानं पोलक्याचं माप घेताना माझा हात लागला आणि ती दचकून मागे सरली, तेव्हा कुठे तिनं दाखवलं. सुपारीएवढी गाठ, बोटाखाली सरकणारी. संक्रांतीपासून तिला माहीत होतं. इतके दिवस ते लेकरू एकटं भीत होतं, आणि मी तिला आगाऊ म्हणत होते.

पुढचं लिहिताना लाज वाटते. तिला डॉक्टरकडे न नेता मी पंधरा दिवस हळद-चुन्याचा लेप लावत बसले. पुरुष डॉक्टर बघेल, चारचौघांत होईल, उद्या हिची सोयरीक कशी जमायची, असलं सगळं डोक्यात. कातडी भाजून निघाली, गाठ होती तिथेच राहिली. शेवटी ह्यांना जेवताना सांगितलं. ताटावरून उठले, हात धुतला. मला वाटलं, आता माझी खैर नाही. तर एवढंच म्हणाले, "उद्या रजा टाकतो." असा नवरा दिल्याबद्दल त्या दिवशी मी देवाला मनापासून हात जोडले. एरवी माझं गाऱ्हाणंच जास्त असतं, तुला माहीत आहे. अपेंडिक्सची थापही ह्यांचीच बरं का. शेजाऱ्यांनी विचारलं, ह्यांच्या तोंडाला पहिलं जे आलं ते सांगून मोकळे झाले, आणि मग तेच आम्ही सगळीकडे चालवलं.

छावणीतल्या इस्पितळात एक डॉक्टरीणबाई होत्या. तपासण्याआधी त्यांनी मला नाही, विमलीला विचारलं, हात लावू का म्हणून. त्या पोरीला असं कधी कुणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही. गाठ काढून तपासणीला पाठवायचं ठरलं. ऑपरेशनच्या खोलीत मला जाऊ देईनात. विमली माझा पदर सोडेना. तेव्हा तिथली आया गंगव्वा पुढे झाली, तिनं विमलीचा हात आपल्या हातात घेतला आणि मला म्हणाली, "अम्मा, तुम्ही स्वल्प बसा. आता पोरगी माझी." त्या बाईचे पाय धरावेसे वाटले. निकाल यायला अकरा दिवस लागले. ते अकरा दिवस मी विमलीची वेणी घालत होते आणि नीट नाही आली म्हणून परत सोडत होते, आणि ती मला घालू देत होती. गाठ साधी निघाली. वर्षाच्या आत आणखी दोन आल्या. पुन्हा तेच इस्पितळ, तीच गंगव्वा, पुन्हा तसेच दिवस. त्याही साध्याच निघाल्या. दर महिन्याला स्वतःच्या हातानं चाचपून बघायचं, हे डॉक्टरीणबाईंनी विमलीला शिकवलंय. ती न चुकता बघते.

पोटाच्या टाक्यांना काचू नये म्हणून तू सैल नाडीचे दोन परकर शिवून पाठवले होतेस. पोटावर टाका नव्हताच. विमलीनं ते विरेपर्यंत नेसले, आणि मी दर वेळी वाळत घालताना मनातल्या मनात तुझी माफी मागत होते. एकदा तिला म्हटलं, तुझ्या काय उपयोगाचे हे? तर म्हणाली, मावशीनं मला बरं वाटावं म्हणून शिवलेत, आणि मला बरं वाटतंय.

यंदा उगादीला मी तेलाची वाटी घेऊन आले तेव्हा तू म्हणालीस, सर्दी झालीय, तेल नको. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. मी वेडी, पुन्हा फसले. विमली नाही फसली. तू गाडीत बसल्यावर मला म्हणाली, "आई, मावशी डावा हात अंगाशी धरून चालते. मी तशीच चालायचे." अक्का, मला काही कळवू नकोस, काही कबूल करू नकोस. फक्त ये. तुझंही विमलीसारखंच साधं निघेल, असं वचन मला देता येत नाही. पण निकालाचे दिवस तुला एकटीला काढू देणार नाही, आणि लेपाच्या वाटेला तर मुळीच जाऊ देणार नाही. मला बरं नाही, अक्काला पाठव, असं मी येसाजीला वेगळं लिहिलंय. हे माझं शेवटचं खोटं. खरं काय ते त्याला तूच सांग, तुला वाटेल तेव्हा. म्हणून तर हे पत्र या चोळ्यांच्या घडीत घालून पाठवतेय. दोन्ही चोळ्या विमलीनं शिवल्यात. काखेत सैल ठेवल्यात, हात वर न करता काढता येतील अशा. तिच्या टाक्यांच्या दिवसांत तिला तशीच हवी होती, मला सुचलं नव्हतं. त्यातली एक घालूनच ये. तुझं तेल राहिलंय, ते मी कोमट करून ठेवते.

तुझीच,
अंबू