श्वास अठरा, तक्रार काही नाही

३ जून, सोमवार
चेन्नईत पहिला दिवस. एक महिन्याचं डेप्युटेशन. काम: वॉर्डातल्या नर्सना खालावणारा पेशंट वेळेत ओळखायला शिकवणे. माणूस एकाएकी जात नाही. सांगून जातो. श्वास वाढतो, घाम फुटतो, बोलणं तुटतं. फक्त ऐकणारा पाहिजे. हे वाक्य पुण्याहून येताना गाडीत तयार केलं होतं. भवानी सिस्टरांनी ते तमिळमध्ये सांगितलं तेव्हा त्याचे चारच शब्द झाले आणि मुली हसल्या.

भवानी सिस्टर वॉर्डाच्या इन्चार्ज. घरची भाषा मराठी, पण तंजावरची. मला 'सार' म्हणतात. शब्दांची लिंगं वाटेल तशी लावतात. मी लगेच सुधारतो. त्यांना आवडत असावं.

मुक्काम तिरुवल्लिकेणीत, मॅन्शनमध्ये. मॅन्शन म्हणजे एकट्या पुरुषांच्या खोल्यांची चाळ. तिसरा मजला. जिना चढताना दम लागला. हवा दमट आहे.

संकल्प: पहाटे समुद्रावर चालणे. रोज दहा तमिळ शब्द.

५ जून, बुधवार
समुद्र राहिला. पार्थसारथीच्या देवळात गेलो, तेही चालणंच. इथल्या देवाला भरघोस मिशा आहेत. शस्त्र खाली ठेवून दुसऱ्याचे घोडे सांभाळले. नर्सिंग म्हणजे आणखी काय? वर्गात सांगायचं.

(सांगितलं. सिस्टर म्हणाल्या, सार, त्या देवाला नाइट ड्यूटी नव्हता. नव्हती, असं मी सांगितलं.)

७ जून, शुक्रवार
शिकवण्याचा पुतळा जॉर्ज टाउनच्या ट्रान्सपोर्ट गोडाउनमध्ये अडकला होता. स्वतः जाऊन आणला. ऑटोवाल्याने पुतळ्याचं वेगळं भाडं मागितलं. म्हणे, सीटवर बसला की तो पॅसेंजर. हॉस्पिटलची लिफ्ट बंद. खांद्यावर घेऊन वर गेलो, मधे बसावं लागलं. डावा हात भरून आलाय. पुतळा वजनदार आहे.

तमिळ शब्द: दोन. वजन आणि लिफ्ट. लिफ्टला तमिळमध्येही लिफ्टच म्हणतात.

१० जून, सोमवार
पुतळ्याच्या छातीतला पंप बिघडलाय. छाती हलत नाही. म्हटलं, निदान तपासणीचा क्रम तरी दाखवा. नित्या नावाच्या नव्या मुलीने पुतळ्याची नाडी धरली, चादर सारखी केली आणि चार्ट भरला. श्वास: मिनिटाला अठरा.

मी विचारलं, कुठे दिसले? ती म्हणाली, सार, सगळ्यांचे अठराच असतात.

वॉर्डातले चार्ट पाहिले. खरंच सगळ्यांचे अठरा. न्यूमोनियावाल्याचेही. जेवण गेलं नाही.

आजपासून नियम: छातीवर नजर ठेवून पूर्ण मिनिट मोजायचं. आणि 'काही नाही, बरा आहे' म्हणणाऱ्या पेशंटवर कधीही विश्वास ठेवायचा नाही.

१३ जून, गुरुवार
खिडकीजवळच्या बेडवरचे सत्यनारायण पहाटे गेले. रिटायर्ड रेल्वे क्लार्क. काल मी विचारलं तेव्हा म्हणाले होते, काही नाही, जरा उकडतंय. मीही हो म्हणालो. खरंच उकडत होतं. चार्टवर रात्रभर अठरा.

आता शिकवायचं म्हणजे शिकवायचं. २८ तारखेला दिल्लीहून तपासणीची टीम येणार, त्यांच्यासमोर ड्रिल. पुतळा चालत नसेल तर पेशंट मी होईन. झेडपीच्या शाळेत असताना नाटकात मी मेलेला सैनिक होतो. गुरुजी म्हणाले होते, हा मुलगा मन लावून मरतो.

दुपारी दंड आणि जबडा दुखला. पुतळ्याचंच.

१५ जून, शनिवार
पहिली रंगीत तालीम. ड्रिलमध्ये एक सेफ्टी शब्द ठरवावा लागतो. पेशंट झालेल्याला खरोखरच काही झालं तर त्याने तो म्हणायचा, की ड्रिल बंद. मी 'राम' हा शब्द ठरवला. सोपा, सगळ्यांच्या ओळखीचा.

अडचण लक्षात आली नाही. बसताना, उठताना, कुशीवर वळताना मी राम म्हणतो. लहानपणापासूनची सवय. दर वेळी मुली ऑक्सिजन सोडून उभ्या राहिल्या. शेवटी मी बेडवरून नुसता उतरलो तरी ड्रिल थांबलं. भवानी सिस्टर म्हणाल्या, सार, तुमचा राम आम्हांस काम करू देत नाही.

१८ जून, मंगळवार
नवा शब्द: धपाटे. आईच्या हातचे आठवले. दुखताना कोणी धपाटे म्हणत नाही, म्हणून सुरक्षित. मुलींकडून एका सुरात म्हणवून घेतला. 'दपाटे' होतं. चालेल. फळ्यावर लिहिलं: राम म्हणजे अभिनय, लक्ष देऊ नका. धपाटे म्हणजे खरं.

लिहिताना बरं वाटलं नाही. मनातल्या मनात क्षमा मागितली.

घरी बायकोला फोन. विद्युलता म्हणाली, दम का लागतोय? म्हटलं, जिना चढतोय. खरं तर पलंगावर बसलो होतो. ती म्हणाली, एवढं मोठं हॉस्पिटल आहे, एक ईसीजी काढून घ्या. शिकवायला आलेल्या माणसाने रांगेत उभं राहणं बरं दिसत नाही. तपासणी झाली की काढू.

२२ जून, शनिवार
तालीम चौथी. नित्याने पूर्ण मिनिट मोजलं. सव्वीस आले. तिला म्हटलं, अभिनय आहे, पण शाबास. ती म्हणाली, सार, तुम्ही अजून सुरू केलं नव्हतं.

पुन्हा मोज म्हटलं. तिने विचार केला आणि अठरा लिहिले.

हताश वाटतं. इतकं शिकवूनही या मुली मोजण्यात गोंधळतात.

२६ जून, बुधवार
देवळात गेलो. मधे दोनदा ओट्यावर टेकलो. देवाकडे दोनच गोष्टी मागितल्या. यांच्या हातून पुन्हा एक सत्यनारायण जाऊ नयेत. दुसरं मागणं जुनंच, शाळेच्या प्रार्थनेपासूनचं: अंतकाळी तोंडात राम यावा, दुसरं काही येऊ नये.

समुद्र अजून पाहिलेला नाही. परवानंतर.

२८ जून, शुक्रवार, सकाळ
छातीवर कोणी बसल्यासारखं वाटतंय. कालचं सांबार. अंगाला गार घाम. आज अभिनय चांगला होणार. अगदी आतून येतोय.

२ जुलै, मंगळवार
बेड खिडकीजवळचा. परवा आयसीयूतून इकडे आणलं. सिस्टरांनी खोलीतून वही आणून दिली. थोडंच लिहितो.

ड्रिल सुरू झालं आणि पाचेक मिनिटांत खरंच सुरू झालं. मला धपाटे म्हणायचं होतं. शब्द येईना. आईचा चेहरा आला, तवा आला, शब्द नाही. तोंडात आला तो राम. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. जन्मभर मागितलं ते देवाने नेमकं शुक्रवारी दिलं. आणि मुलींनी शिकवल्याप्रमाणे त्याकडे लक्ष दिलं नाही. दिल्लीच्या टीमने टाळ्या वाजवल्या म्हणे. रिपोर्टमध्ये लिहिलंय: पेशंटची भूमिका अत्यंत विश्वसनीय.

शेवटी भवानी सिस्टर जवळ येऊन म्हणाल्या, सार, उठा, खेळ संपली.

मी काहीच बोललो नाही. नंतर त्यांनीच सांगितलं. चूक काढली नाहीत, तेव्हा कळालं, सार फार आजारी.

एक स्टेंट घातलाय. विद्युलता संध्याकाळच्या विमानाने येतेय. काय बोलेल ते माहीत आहे.

सकाळी नित्या राउंडला आली. काही त्रास? मी म्हणालो, काही नाही. ती पुढे जायला निघाली. मी मुद्दाम श्वास रोखून धरला. चार्टवर पाहिलं, अठरा. अक्षर मात्र पुष्कळ सुधारलंय.

तिच्या मागून भवानी सिस्टर आल्या. चार्ट पाहिला, खुर्ची ओढली आणि माझ्या छातीवर नजर ठेवून घड्याळ धरलं. मला सत्यनारायणांचं सांगायचं होतं, की तेव्हा मीही मोजलं नव्हतं. तोंड उघडलं तर म्हणाल्या, बोलू नका सार, मोजणी चुकतो.

चुकते, मी म्हणालो.

त्यांनी अठरावर काट मारली, चोवीस लिहिले, आणि शेऱ्यात इंग्रजीत एक ओळ: पेशंट चुका काढतो, धोका टळला.