नावाचा रकाना

सरस्वतीपुरम, मैसूर
९ मार्च

प्रिय अमेय,

फोन तू उचलत नाहीस, मेसेजला नुसतं अंगठ्याचं चित्र पाठवतोस, म्हणून शेवटी कागद घेऊन बसले. पुण्यातला तुझा पत्ता तुझ्या जुन्या ऑफिसातल्या अनुरागकडून मिळवला. त्याच्यावर रागावू नकोस, मीच फार मागे लागले होते.

इकडे ऊन तापायला लागलंय. सासूबाईंचा गुडघा आहे तसाच. हे रोज बसनं नंजनगूडच्या कारखान्यात जातात, दमून येतात. गुंजन आता आमच्याकडेच असते, मागच्या खोलीत. तुमच्या भाड्याच्या घराला कुलूप आहे. मी आठवड्यातून एकदा जाऊन खिडक्या उघडते, झाडांना पाणी घालते. गुंजननं महिन्यापूर्वी पुन्हा दवाखान्यात जायला सुरुवात केली. दिवसभर लोकांचे डोळे तपासायचे, संध्याकाळी येऊन डबा घासायचा आणि खोलीत जायचं. जेवते, पण सांगितलं तर. तुझं नाव काढत नाही. तक्रारही करत नाही, आणि त्याचंच मला भय वाटतं.

तुला आठवतं, सातव्या महिन्याच्या आधीच तुम्ही दोघं नावावरून किती हसायचात? मुलगी झाली तर आयरिस, हे गुंजननं कधीच ठरवून टाकलं होतं. ग्रीक लोकांची इंद्रधनुष्याची देवी, देवांचे निरोप माणसांकडे पोचवणारी. शिवाय डोळ्यातल्या रंगीत कड्यालाही तेच नाव. तिचा अर्धा जन्म त्याच कड्याकडे बघण्यात गेलेला, तेव्हा तिला ते आपलं वाटलं यात नवल नव्हतं. मी मात्र तुमच्या जेवणाच्या टेबलावर म्हणाले, "डोळ्याच्या भागाचं नाव कुणी पोरीला ठेवतं का? उद्या कुणी नाकाचं ठेवेल." तू हसलास. गुंजन हसली नाही. मला आपल्या आईचं नाव हवं होतं, मालती. आई गेल्यावर ते नाव घरात कुणी उच्चारलंच नव्हतं. आणि नाव ठेवायचा मान आत्याचा, हे मी तुम्हाला दहादा ऐकवलं. सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, "मगूची, बाळाची आई म्हणते ते ठेवा की गे. आपल्याला काय, चार दिवसांत जिभेवर बसतंय." मी त्यांच्याशीही दोन दिवस धड बोलले नाही.

मग तीन नोव्हेंबर उजाडला आणि ती साडेतीन महिने आधीच जन्मली. तिला त्या काचेच्या पेटीत ठेवलं. तुझ्या तळहाताएवढी पाठ. पेटीवर चिकटपट्टी होती, 'बेबी ऑफ गुंजन'. तिथली तुळसी नर्स दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "नाव सांगा ना, आम्ही बाळांना नावानं हाक मारतो. त्यांना कळतं." गुंजननं माझ्याकडे पाहिलं. अंगात ताप, टाके ओले, आणि तरी तिनं माझ्याकडे पाहिलं, कारण तिला माझा मान ठेवायचा होता. मी म्हणाले, "बाराव्या दिवशी बारसं करू, काचेबाहेरून का होईना. तोवर थांबा." तुला वाटलं असेल, ताई रीतीचं बोलतेय. रीत नव्हती रे ती. मला वाटत होतं, बारा दिवसांत गुंजनचं मन वळवीन.

अकराव्या दिवशी दुपारी तू औषधं आणायला खाली गेला होतास. गुंजन दूध काढायला शेजारच्या खोलीत होती. तुळसीनं मला दोन मिनिटं आत घेतलं. मी पेटीपाशी वाकले आणि तिनं डोळे उघडले. दोन्ही. तुम्हा दोघांना ते कधी दिसले नाहीत, तुम्ही रोज विचारायचात आणि डॉक्टर म्हणायचे, उघडेल इतक्यात. करडे, ओलसर, कुठेच न लागलेले. नाव माझ्या ओठांशी आलं होतं, तिच्या आईनं निवडलेलं. एकदा म्हणाले असते तर काय बिघडलं असतं? पण मी ते उच्चारलं नाही. म्हटलं, उद्या. तिनं डोळे मिटले. मी बाहेर येऊन तुम्हाला सांगितलं नाही, कारण गुंजन आली तेव्हा मॉनिटर वाजायला लागला होता, आणि त्यानंतर सांगण्यासारखं काही उरलं नाही.

त्या संध्याकाळी ती गेली. घरी घुगऱ्यांसाठी हरभरे भिजत घातले होते, ते सासूबाईंनी कुणाला न सांगता गाईला नेऊन घातले. तू तिला दोन हातांवर घेऊन स्मशानात चाललास तेव्हा तिथल्या माणसानं वहीत लिहायला नाव विचारलं आणि तू म्हणालास, "नाव नाही." तुझा तो आवाज मी अजून ऐकते. तीन आठवड्यांनी तू बदली मागून घेतलीस. मी तुला अडवलं नाही. तुझ्यासमोर उभं राहायची माझी हिंमत नव्हती.

हे सगळं मी मेले तरी कुणाला सांगितलं नसतं. पण गेल्या शनिवारी गुंजन बन्नूरला नेत्रशिबिराला गेली होती. चष्म्याचा नंबर काढताना एका म्हातारीनं तिला सहज विचारलं, मुलं किती? गुंजन म्हणाली, एक मुलगी. म्हातारीनं विचारलं, नाव काय? आणि अमेय, तिला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन चपला पायातच ठेवून दारात उभी राहिली आणि मला म्हणाली, "ताई, मी काय सांगायचं होतं?" चार महिन्यांत पहिल्यांदा ती माझ्या खांद्यावर रडली. तेव्हा मी तिला डोळ्यांचं सांगितलं. मग तिनं फक्त रंग विचारला.

सोमवारी मी जन्मनोंदणीच्या कचेरीत गेले. तिच्या दाखल्यावर नावाचा रकाना कोराच आहे. मूल नाही तर आता नाव कशाला, असं कुणी विचारलं तर काय बोलायचं ते बसमध्ये घोकत गेले होते. तिथले नरसिंहमूर्ती म्हणून कारकून आहेत, त्यांनी जन्माचा आणि मृत्यूचा असे दोन्ही कागद पाहिले, चष्मा काढून पुसला आणि काही न विचारता अर्ज पुढे केला. आई आणि वडील, दोघांच्या सह्या लागतात. गुंजननं केली आहे. अर्ज सोबत ठेवलाय. आत्याचा मान मी सोडला रे, तो घेण्याची माझी लायकी नव्हती. नावाची जागा आम्ही रिकामी ठेवलीय. गुंजन म्हणाली, ते त्यानं लिहावं, त्याचं अक्षर चांगलं आहे. पोस्टानं पाठवलास तरी चालेल. घेऊन आलास तर दार उघडायला ती असेल.

तुझी, आणि आयरिसची आत्या,
कांचन