एकोणीस ऑगस्टचे पान

मी, कृष्णकांत माधव पांढरीपांडे, वय शेहेचाळीस, धंदा शिक्षकी, राहणार मौजा बोरखेडी, तहसील हिंगणघाट, जिल्हा वर्धा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही, मला कोणाची भीड नाही. हे शेवटचे वाक्य वकिलांच्या मसुद्यातले आहे. ते उतरवताना हात थांबला, कारण दाब आणि भीड आली की मी काय करतो ते मला ठाऊक आहे. त्याविषयी कलम पाचमध्ये लिहिले आहे. मृत्युपत्र करण्याचे कारण इतकेच, की दिवाळीपासून दोनदा छातीत कळ आली आणि सेवाग्रामच्या डॉक्टरांनी सायकल सोडायला सांगितले.

१. राहते घर, तीन खोल्या व मागची पडवी, माझी पत्नी सौ. इंदिरा हिला मिळावे. पडवीवरचे कवेलू, म्हणजे कौले, दर वैशाखात फेरून घ्यावे लागतात. हे काम तिने पुढे ढकलू नये.

२. पोस्टातली शिल्लक मुलगी सुनीती हिच्या शिक्षणासाठी आहे, लग्नासाठी नाही. इंदिराला हे पटणार नाही. पण सुनीतीने नागपूरला कॉलेजात जावे आणि तिथे माझ्यापेक्षा बरे काहीतरी शिकावे. मी तिथे बी. ए. झालो. न्याय, नीती, स्वातंत्र्य यांवर निबंध लिहून मी बक्षिसेही घेतली.

३. सायकल व पुस्तके शाळेला द्यावीत. मोठ्या शब्दकोशाची पाने मुलांनी फाडलेली नाहीत, उधळीने, म्हणजे वाळवीने, खाल्ली आहेत. त्यावरून कोणाला मारू नये.

४. सागवानी आरामखुर्ची माझे मेहुणे बापूराव यांना परत करावी. ती त्यांच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या दिवंगत सासऱ्यांनी, मला दिली होती. सासरे गावचे मालगुजार होते आणि सरकारने त्यांना रावसाहेब केले होते. खुर्ची चांगली आहे, तिचा काही दोष नाही. पण सन बेचाळीसच्या डिसेंबरानंतर मी तिच्यात बसलेलो नाही आणि घरातून ती कोणाला देऊनही टाकू शकलो नाही. बापूरावांनी कारण विचारल्यास पुढचे कलम दाखवावे.

५. माझ्या रोजनिश्यांचे एकवीस खंड आहेत. त्यांतले वीस जाळावेत. सन १९४२ चा खंड आमच्या शाळेचे चपराशी नत्थूजी सखाराम भोयर यांना द्यावा. त्यात १९ ऑगस्टचे पान आहे. ते त्यांचे आहे. तेरा वर्षे मी ते दाबून ठेवले.

त्या बुधवारी दुपारी आमच्या गावची पोलीस चौकी जाळली गेली. वर्गांत जेमतेम नऊ मुले होती, बाकीची मिरवणुकीत गेली होती. पाऊस उघडला होता. तिसरीच्या वर्गात पाणी गळत होते म्हणून नत्थूजी एक वाजता छपरावर चढले आणि पाचला उतरले. मी खाली उभा राहून त्यांना एकेक कवेलू देत होतो. चौकीचा धूर पहिल्यांदा त्यांनीच पाहिला आणि वरून मला सांगितला. हे सगळे त्या रात्रीच्या नोंदीत आहे.

तिसऱ्या दिवशी पोलिसांनी नत्थूजींना धरले. चौकीतल्या जमादाराचे आणि त्यांचे विहिरीवरून वाकडे होते. जाळणाऱ्यांत त्याने त्यांचेही नाव घातले. त्यांची बायको पंचफुलाबाई माझ्या दारात आली. तिने रडणे-ओरडणे काही केले नाही. म्हणाली, “गुरुजी, तुमी तं खाली उभे होते ना. तेवढंच सांगजा साहेबाले.” मी सांगतो म्हणालो.

नंतर रावसाहेबांनी मला बोलावले. तिथे पोलीस इन्स्पेक्टर बसले होते. तेही आपल्याकडचेच, बोलायला गोड. त्यांनी विचारले, की नत्थू शाळेत होता असे म्हणता, तर शाळेची हजेरी कोर्टात मागवावी लागेल, आणि मग त्या दिवशी गैरहजर असलेली मुले कुठे होती हेही विचारावे लागेल, नाही का? रावसाहेब मला म्हणाले, “कृष्णकांतराव, तुम्ही अजून हंगामी मुख्याध्यापक आहात. आठवत नाही म्हणणे काही खोटे बोलणे नव्हे.”

मी स्वतःला सांगितले, की मी मुलांना वाचवतो आहे. हे अर्धे खरे होते. अर्धे खरे असल्यामुळेच मला इतकी वर्षे त्याच्या आडोशाला राहता आले. पण हजेरी न दाखवताही मी डोळ्यांनी पाहिलेले सांगू शकत होतो. कोर्टात मला एकच प्रश्न आला: त्या दुपारी नत्थू भोयर शाळेत होता काय? मी म्हणालो, “मला आठवत नाही.” रोज झोपण्यापूर्वी दिवसभराचे लिहून ठेवणारा माणूस मी. त्या रात्री मी हे उत्तरही लिहून ठेवले. खाली, जेवायला भरली वांगी होती, हेही लिहिले.

नत्थूजींना तीन वर्षे सक्तमजुरी झाली. मी डिसेंबरात कायम झालो. त्याच आठवड्यात खुर्ची आली.

इंग्रज साहेब मी उभ्या आयुष्यात दोनदाच पाहिला, तोही लांबून. इन्स्पेक्टर आपला, मॅजिस्ट्रेट आपला, सासरे आपले आणि साक्षीदार मी. परकीय सत्ता माझ्या वाट्याला आली तेव्हा तिने धोतर नेसले होते, आणि ती मला चहा घ्या म्हणत होती. म्हणून इंग्रज गेल्यावर सगळे मोकळे झाले तसे मला होता आले नाही.

पुढचे लिहिणे जास्त अवघड आहे. सत्तेचाळीसच्या पंधरा ऑगस्टला गावाने नत्थूजींना चौकी जाळणारा वीर म्हणून हार घातला. सत्काराचे भाषण मी केले. ते मान खाली घालून उभे होते. लोकांना तो विनय वाटला. सुटून आल्यावर ते पुन्हा शाळेतच लागले होते; हार काढून त्यांनी नेहमीप्रमाणे घंटा दिली. आता मी खरे सांगितले तर त्यांचा तो मानही जाईल, असा विचार करून मी पुन्हा गप्प बसलो. हा विचार त्यांच्यासाठी होता की माझ्यासाठी, याचा निर्णय मला आजही करता येत नाही. म्हणून पान त्यांना द्यावे. ठेवायचे, जाळायचे की चावडीवर वाचायचे, ते त्यांनी ठरवावे.

६. माझ्या मागे शाळेने माझी तसबीर लावू नये.

आज रविवार, २२ जानेवारी १९५६ रोजी साक्षीदारांसमक्ष सही करतो. वकील म्हणाले होते, की साक्षीदाराने मजकूर वाचण्याची गरज नसते, आणि ज्याला काही द्यायचे त्याला साक्षीदार करू नये. मी दोन्ही ऐकले नाही.

कृष्णकांत माधव पांढरीपांडे
साक्षीदार पहिला: रूपराव गणपत बोबडे, पोस्टमास्तर, बोरखेडी

पुरवणी. दुसऱ्या साक्षीदाराची सही काल का झाली नाही, ते लिहून ठेवतो.

नत्थूजी अक्षरे जेलात शिकले. त्याआधी कित्येक वर्षे माझ्या शाळेत असून मी त्यांना शिकवली नव्हती. त्यांनी कलम पाच बोट ठेवून वाचले, मग १९ ऑगस्टचे पान वाचले. त्यात मी सत्तावन्न कवेलू लिहिले होते.

“सत्तावन्न नाई, साठ,” ते म्हणाले. “तीन तुमच्या हातातून पडले. मले आठवते.”

मी हाराविषयी विचारले. तो त्याच दिवशी बकरीने खाल्ला, म्हणाले. रूपराव हसले. नत्थूजींनी टाक खाली ठेवला.

“सही नाई करत, गुरुजी. लोकायले सांगा का नका सांगू. पण माही बायको अजून मनते, ‘गुरुजी खोटं कशाले बोलतीन? तुमीच चौकी जाळाले गेलते अन् मले कवेलूचं सांगून राह्यले.’ तेरा वर्सं झाली. मेल्यावर कागद देसान तं ती काय वाचीन? तिले सांगून या. मंग करतो सही.”

मी एका माणसाची साक्ष बुडवली असे समजत होतो. त्यांच्या घरातला शब्दही बुडाला होता, हे मला माहीत नव्हते.

आज सकाळी त्यांच्या घरी गेलो. पंचफुलाबाई अंगणात तूर पाखडत होत्या. मी उभ्यानेच सांगितले. सूप थांबले. मग आत नत्थूजींकडे पाहून म्हणाल्या, “आवो, कवेलूच बदलवत होते ना तुमी.” त्या उठून आत गेल्या. जाताना माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “तुमी जा आता, गुरुजी.”

बेचाळीसचा खंड त्यांच्या उंबऱ्यावर ठेवून आलो. कलम पाचमधली ती वस्तू आजच देऊन झाली, असे समजावे. दुपारच्या सुटीत नत्थूजी आले, खाली दिलेली सही केली आणि घंटा द्यायला गेले.

बोरखेडी, सोमवार, २३ जानेवारी १९५६

साक्षीदार दुसरा: नत्थू सखाराम भोयर. वाचून सही केली.