अडाणी बाईचा अर्ज

गुरुवार, डिसेंबर १९७४

आज अधिवेशनात गॅलरीत बसून ऐकलं. विरोधी पक्षनेत्यांनी माझा अर्ज उंचावून मंत्र्यांना विचारलं, "गिरणीत माणूस यंत्रात सापडून मेला. ही अडाणी विधवा न्याय कुणाकडे मागणार?" बाकं वाजली. मंत्री म्हणाले, "निष्काळजीपणा मृताचाच होता." आणि विरोधी पक्षनेते साहेब तसेच खाली बसले!

यंत्राच्या पट्ट्यावरची संरक्षक जाळी महिनाभर तुटलेली होती, हे अर्जात लिहिलंय ना मी? वाचलंच नाही?

अडाणी म्हणे! हे गिरणीत न्यायचे त्या डब्याला गुंडाळलेल्या वर्तमानपत्रांवर मी वाचायला शिकले. अर्ज माझ्याच हातचा.

शेजारची कमल म्हणते, "काहून चिडून राहिली वं? तुह्यासाठीच भांडले ना ते!"

माझ्यासाठी? आणि ह्यांच्या माथी दोष राहिला तो?

उद्या साहेबांना गाठते. जाळीची ओळ मोठ्यानं वाचा म्हणते. अडखळले तर मी सांगेन.